स्वराज पळत का नाही

रविवारचा सामना तीन-शून्यने हरून घरी आल्यावर उपेंद्ररावांनी जेवणाच्या टेबलावरच निर्णय सांगून टाकला.

"काळूला संघाबाहेर बसवायचा. तिन्ही गोल त्याच्या बाजूने झाले. आभा, व्हिडिओतले तेवढे तीन तुकडे काढून ठेव, स्पॉन्सर लोकांना दाखवायचेत."

आभाने मान वर केली नाही. समोर नवरा, मयुरेश, भाजीत पोळी बुडवून तशीच धरून बसला होता.

उपेंद्रराव तिचे सासरे. नाशिकमध्ये त्यांच्या डझनभर इमारती, आणि तीन वर्षांपासून एक फुटबॉल क्लब. आभा लग्नाआधी विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. लग्नानंतर तिची कंपनीतली नोकरी सुटली आणि 'घरचंच काम आहे' म्हणून क्लबच्या सामन्यांचं चित्रीकरण आणि विश्लेषण तिच्याकडे आलं. दर सामन्याला ती पॅव्हेलियनच्या गच्चीवर कॅमेरा लावून उभी राहायची. नेमणुकीचं पत्र नव्हतं, रजा नव्हती. एकदा दोन दिवस माहेरी सटाण्याला जाते म्हणाली, तर सासरे हसून म्हणाले होते, "गुरुवारी मॅच आहे ना गं?"

गेल्या वर्षी याच क्लबने लीगमध्ये तिसरा नंबर काढला होता. संघात नाव घेण्यासारखं कुणी नव्हतं. पण चेंडू गेला रे गेला की पुढचे तिघं एकदम धावून जायचे, त्यामुळे समोरच्याला मधून पास देताच यायचा नाही. तो चेंडू कडेला ढकलायचा आणि तिथे काळू वाट बघत असायचा. काळू हरसूलकडचा, अंबडच्या एका कारखान्यात पहिली पाळी करून प्रॅक्टिसला यायचा. तिघांनी हाकायचं आणि काळूने पकडायचं, एवढीच त्यांची युक्ती होती. ती प्रशिक्षक नवनाथ सरांनी आणि आभाने मिळून बसवली होती.

मग मयुरेशने स्वराजला आणलं. कोल्हापूरचा स्वराज, देशातल्या मोठ्या लीगमध्ये दोन हंगाम खेळलेला फॉरवर्ड. संघातल्या बाकी सगळ्यांचं वर्षाचं मानधन एकत्र केलं तरी त्याच्या रकमेला पोचत नव्हतं. मुंबई नाक्यापासून कॉलेज रोडपर्यंत त्याचे फलक लागले. सहा सामने झाले. चार हरले.

जेवण झाल्यावर आभा खोलीत लॅपटॉप उघडून बसली. तिसऱ्या गोलाआधीची वीस सेकंदं तिने मयुरेशला दाखवली. तिच्या कॅमेऱ्यात अख्खं मैदान दिसत होतं.

"हे बघ. चेंडू गेला. हे दोघं धावले. स्वराज उभाच आहे. म्हणून मधला रस्ता मोकळा. काळू तो बुजवायला मध्ये आला, म्हणून त्याची बाजू मोकळी. चूक काळूची नाही."

"हे बाबांना दाखवणार आहेस?"

"मग काय दाखवू?"

"स्वराजला मी आणलाय, आभा." मयुरेशने लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. "आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर एवढं सोडलं होतं. मी याच घरात राहतो. तूही."

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसनंतर काळू बुटाच्या नाड्या सोडत पायरीवर बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. नोंदणी या क्लबची, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे खेळताही येणार नव्हतं.

"ताई, स्वराजदादावर राग नका काढू," तो म्हणाला. "तो पळत नाय असं नाय. त्याला पळवत नाय. जिना उतरताना बघा त्याला. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरतो. मी लय दिवस बघतोय."

आभा त्याच संध्याकाळी स्वराजच्या फ्लॅटवर गेली. दार उघडायला त्याला वेळ लागला. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली होती. ती लपवावी की नाही हे त्याला क्षणभर कळेना, मग तो नुसता खुर्चीत बसला.

"कधीपासून?" आभाने विचारलं.

"दीड वर्ष झालं की वहिनी. आतली गादी फाटलीया. इंजेक्शन घेतो नि उतरतो मैदानात. उभ्या उभ्या चेंडू आला तर अजून बी गोल मारीन. पण सारखं पळालो तर संपलो."

"करार करताना तपासणी नाही झाली?"

"कोण करणार? मयुरेशसाहेबांनी मोबाईलवर माझे गोल बघितले नि त्याच दिवशी सही घेतली. मला वाटलं, घरचं एक बांधकाम होईल, बहिणीचं लग्न होईल. आता सोडतो म्हटलं तर तीन वर्षांच्या कराराखाली बसलोय. खरं सांगितलं तर हाकलतील. नाही सांगितलं तर हे असं." त्याने सैल झालेली बर्फाची पिशवी पुन्हा बांधली. "कुणाला सांगू नका वहिनी. शब्द द्या."

आभाने शब्द दिला. खाली उतरताना तिला वाटलं, द्यायला नको होता.

मंगळवारी तिने सासऱ्यांच्या ऑफिसात जाऊन ती वीस सेकंदं दाखवली. मयुरेशही तिथे होता, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. उपेंद्रराव एकदा बघून थांबले नाहीत, चार वेळा बघितलं. इमारतीचा नकाशा बघताना करायचे तसं पडद्यावर बोट ठेवून विचारत गेले. माणूस बुद्धिमान होता. दहा मिनिटांत त्यांना सगळं कळलं.

"म्हणजे स्वराज पुढे धावला असता तर काळूला जागा सोडावी लागली नसती."

"हो, बाबा. नाहीतर आपण सगळा संघ मागे घेऊ. स्वराजला एकट्याला पुढे ठेवू, त्याला पळायची गरजच नाही. गोल कमी होतील, पण हरणार नाही."

"एवढा पैसा घालून मी लोकांना शून्य-शून्य दाखवू?" उपेंद्ररावांनी मान हलवली. "आणि स्वराजला बसवता येत नाही. गावभर त्याचा चेहरा लावलाय मी. उद्या तोच बाकावर बसलेला दिसला तर लोक मला हसतील, त्याला नाही. मलाही हात बांधलेलेच आहेत, आभा." ते उठले. "शनिवारी त्याला पळायला सांगा. पळाला तर काळू राहील. नाही पळाला तर काळू जाईल. कुणीतरी गेलेलं दिसायला हवं."

"बाबा, तो—"

"तो काय?"

तिने लॅपटॉप मिटला. सांगितलं तर स्वराज जाणार होता, न सांगितलं तर काळू.

तिने स्वराजला त्या अटीबद्दल काहीच सांगितलं नाही. नवनाथ सरांना तेवढं म्हणाली, की त्याला पुढेच उभा राहू द्या. पण शनिवारी सामन्याआधी मयुरेश ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि सगळ्यांसमोर वडिलांचं म्हणणं जसंच्या तसं सांगून आला. आभा तेव्हा गच्चीवर तिपाई उघडत होती.

सामना चार वाजता सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू गेला आणि स्वराज धावला. आभाला आधी वाटलं दुसराच कुणी आहे. तो धावला तसे बाकीचे दोघं धावले, समोरचा गडबडला, चेंडू कडेला गेला आणि काळूने अलगद काढून घेतला. पुन्हा तसंच. पुन्हा. अठराव्या मिनिटाला काळूने काढलेल्या चेंडूवर स्वराजनेच गोल केला. वर्षभर कागदावर आखलेलं सगळं खाली मैदानावर घडत होतं, आणि तो कशाच्या जोरावर पळतोय हे माहीत असूनही आभाचा जीव आनंदाने भरून आला. पुढे किती दिवस तिला स्वतःच्या त्या आनंदाची शिसारी येत राहिली.

बत्तिसाव्या मिनिटाला स्वराज वळताना खाली बसला. कुणी त्याला धक्काही दिला नव्हता. काळूने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गच्चीकडे बघून हात हलवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की दुखणं जुनं आहे, आता मात्र गुडघा पुरता गेला. बाहेरच्या बाकावर बसून मयुरेश लगेच वडिलांना म्हणाला, "त्याने लपवलं. करार रद्द होऊ शकतो. ऑपरेशनही आपल्यावर येत नाही."

उपेंद्ररावांनी सुनेकडे बघितलं. "तुला काही बोलला होता?"

आभा उठून उभी राहिली. "सोमवारीच बोलला होता, बाबा. मला माहीत होतं. मी क्लबचं काम करते, म्हणजे क्लबला माहीत होतं. आणि तरी आपण त्याला पळायला लावलं. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार."

मयुरेश उठून जिन्याकडे निघून गेला. उपेंद्ररावांनी हातातला मोबाईल खिशात ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

ते खोटं बोलले नाहीत. "काढला असता," म्हणाले. मग उठत, "ऑपरेशनचं मी बघतो. करारातलं अर्धं देऊन मोकळं करू त्याला. आणि हे घराबाहेर जाता कामा नये."

आत स्वराज जागा होता. त्याला ती बत्तीस मिनिटं बघायची होती. आभाने लॅपटॉप त्याच्या पोटाशी धरला. गोलाशी तो थांबला नाही. चेंडू गेल्यावर सगळा संघ कसा एकदम सरकतो, तेवढंच मागे नेऊन नेऊन बघत राहिला.

"गेल्या वर्षी तुम्ही असंच खेळत होता?"

"असंच."

"मग मला कशाला घेतलं हो?"



काळू संघात राहिला. हंगामाच्या शेवटी क्लब सहावा आला. मयुरेश घरात आभाशी कामापुरतं बोलतो. सासरे मात्र आता प्रत्येक सामन्याचं अख्खं चित्रीकरण मागवून घेतात, त्यामुळे तिचं काम दुप्पट झालंय. पुण्याच्या एका फुटबॉल अकादमीत विश्लेषकाची जागा निघाली होती. तिने अर्ज भरला, पाठवला नाही.

स्वराज कोल्हापूरला निघाला त्या सकाळी काळू त्या आठवड्यात लागलेली रात्रपाळी करून तसाच आला आणि त्याची बॅग गाडीत ठेवली. स्वराजने कुबड्या आत घेतल्या, काच खाली केली.

"मी सुटलो बघा वहिनी. एका पायावर, पण सुटलो. तुम्ही या की एकदा कोल्हापूरला. आमच्याकडं गल्लीगल्लीत फुटबॉल हाय."

"बघते," आभा म्हणाली.

गाडी वळणापर्यंत गेली तोवर तिच्या मोबाईलवर सासऱ्यांचा निरोप आला होता. मैदानावर नवा खेळाडू चाचणीला येतोय, कॅमेरा घेऊन ताबडतोब ये.