माशाचं माप

कायद्यापुढे सगळे सारखे असतात, मग तो राव असो की रंक. माशांना मात्र ही सवलत नाही. तलावाकाठच्या सरकारी पाटीनुसार तीस सेंटिमीटरचा मासा खुशाल घरी नेता येतो. एकोणतीसचा नेला तर सहा महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

टेलरमास्तरांना ही पाटी तोंडपाठ होती. गेली अकरा वर्षं दर रविवारी ते खिशात परवाना ठेवून तिच्याच सावलीत गळ टाकून बसत. मासा लागला की टेप काढायची, माप घ्यायचं. लहान निघाला तर "जा, मोठा होऊन ये" म्हणून पाण्यात सोडायचा. मोठा निघाला तर कार्डावर नाव, धंदा, पत्ता आणि माशाची लांबी लिहून कार्ड तलावावरच्या पेटीत टाकायचं. अकरा वर्षांत मोठा मासा लागलाच नव्हता, त्यामुळे कायदा पाळण्याच्या बाबतीत मास्तरांचा लौकिक अगदी धुतल्या तांदळासारखा होता.

या रविवारी तो लागला. मास्तरांनी टेप लावली, कार्डावर ठसठशीत अक्षरात ३१ लिहिलं आणि छाती पुढे काढून घरी आले.

दुकानामागेच घर होतं. बायकोने मासा ओव्हनच्या ट्रेमध्ये आडवा ठेवला.

"अहो, छान मावला की. कडेला जागासुद्धा उरली."

"मग बरंच झालं."

"ट्रे तिसाचा आहे," बायको म्हणाली.

मास्तरांनी टेप लावली. एकोणतीस. शेपटीकडून तोंडाकडे मोजलं. एकोणतीस. दुकानातून दुसरी टेप आणली. ती पहिलीच्याच बाजूने बोलली.

मग मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांना हळूहळू उमगलं. टेपवर दिसतं ते माप शिंप्याचा हात कधी लिहीतच नाही. शिवणीत जाणारं जादा कापड, ज्याला धंद्यात माया म्हणतात, ते धरूनच तो आकडा लिहितो. डोळ्यांनी एकोणतीस पाहिलं होतं, चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने दोनची माया सोडून एकतीस लिहिलं होतं, आणि डोकं नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये पडलं नव्हतं.

"एवढंच ना," बायको म्हणाली. "खाऊन टाकू."

"पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे."

"मग टाकून द्या."

"तेही नष्टच."

"मग तलावात परत सोडा."

"अगं, मेलाय तो."

"मग त्याची काय तक्रार असणार?"

मास्तरांनी मासा कोटाच्या अस्तरात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला. प्लॅस्टिकमधून तो दिसला असता. पण फ्रीजरचं दार लावलं तरी पाटी डोळ्यांपुढून हलेना. कैद समजण्यासारखी होती, दंडही समजण्यासारखा होता. जीव खात होतं ते 'किंवा दोन्ही'. ते कोण ठरवतं? चेहरा बघून ठरवतात का? आणि कार्डावरची खोटी नोंद हा दुसरा गुन्हा धरला, तर दोन्हीचे चार होतात का?

सोमवारी त्यांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मंगळवारी जिथे माया सोडायची तिथेही सोडली नाही, आणि एक सभ्य गृहस्थ नवा सदरा घालून बघताना श्वास रोखून उभे राहिले ते पुन्हा बसू शकले नाहीत. दाराची घंटा वाजली की मास्तरांची कात्री हातातून सुटायची.

"तुरुंगात शिवणखातं असतं म्हणे," बायकोने धीर दिला. "मशिनंही नवी असतात."

बुधवारी अकरा वाजता घंटा वाजली आणि मत्स्य निरीक्षक आत आले. गणवेशात, काखेत पिशवी. त्यांनी दार स्वतःच लावून घेतलं.

"टेलर तुम्हीच ना? पेटीतलं तुमचं कार्ड वाचलं. एकतीस."

मास्तरांच्या बोटांत खडूचे दोन तुकडे झाले. "हो, साहेब."

"त्यावरूनच पत्ता मिळाला." निरीक्षकांनी रस्त्याकडे पाहिलं. "पडदा आहे का? ओढा जरा."

पडदा अर्ध्यावर आला आणि मास्तर पूर्ण कोसळले. माया, सवय, ट्रे, सगळं एका दमात सांगून झालं. बायकोने अस्तरातला मासा आणून टेबलावर ठेवला.

"मायेसकट एकतीस, साहेब. नुसता एकोणतीस."

निरीक्षकांनी मासा उलटसुलट करून पाहिला. "अठरा वर्षं नोकरी झाली. सांगता सांगता वाढणारे मासे रोज बघतो. कमी झालेला हा पहिलाच."

"दोन्ही होणार का, साहेब?"

"पकडला असता तर कोर्टाने ठरवलं असतं. आपण होऊन सांगितलंत, तर नियमात लेखी ताकीद आहे. परवाना एक हंगाम बंद. मासा जप्त."

कापडं बेतायच्या टेबलावरच त्यांनी ताकीद लिहिली. लांबीचा रकाना मास्तरांना भरायला सांगितला. मास्तरांनी उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून २९ लिहिलं. निरीक्षकांनी आकडा दोनदा वाचला. "नोंद खरी पाहिजे, मास्तर. नोंद खरी असली की माणूस कुठेही ताठ उभा राहतो."

"मग पडदा कशाला ओढायला लावलात?" बायकोने विचारलं.

निरीक्षकांचे कान लाल झाले. त्यांनी पिशवीतून गणवेशाची दुसरी पँट काढली आणि माशाशेजारी ठेवली.

"शुक्रवारी खात्याची तपासणी आहे. बटण लागत नाही. कमरेत दोन बोटं ढिली करून द्या."

मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी टेप काढली, माप घेतलं आणि पावतीपुस्तक उघडलं.

"आणि मास्तर," निरीक्षक आवाज खाली आणून म्हणाले, "पावतीवर जुनंच माप लिहा. घरी बघतात."