हात न लावता दिलेलं औषध

कौशल्या चामराजपेटेतल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. लहानपणापासून अंगानं खूप जाड. नातेवाइकांचे टोमणे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. धाकटा भाऊ विद्याधर मात्र तिचा जीव की प्राण. त्यानं बसवनगुडीत दवाखाना काढला, त्या दिवशी तिनं शाळाभर पेढे वाटले होते.

छप्पन साली थंडीत तिच्या उजव्या पोटरीवर लाली चढली. पाय टरारून सुजला, हुडहुडी भरून ताप आला. दवाखान्यात येऊ का, असं तिनं विचारून पाठवलं, तर विद्याधरनं येऊ नकोस, मीच येतो असा निरोप दिला. का, ते तिला कळलं. त्याच्या बड्या रोग्यांपुढं अशी बहीण बाकावर बसलेली त्याला नको होती.

तो आला. तिनं लुगडं वर करून पाय पुढं केला. त्यानं दारापाशी उभ्या उभ्याच पाहिलं, दंडात पेनिसिलिन टोचलं आणि खाणं आवर म्हणून सांगून गेला. लाली उतरली, पण थोड्याच दिवसांनी परत चढली. पुन्हा तेवढंच इंजेक्शन, पुन्हा तोच उपदेश. त्याची बायको कमला रोज पातळ गंजी, म्हणजे तांदळाची पेज, पाठवू लागली. कौशल्या तेवढीच पिऊन राहायची. भुकेनं शाळेत डोळ्यांपुढं अंधारी यायची. तरी तिसऱ्यांदा लाली गुडघ्यापर्यंत गेली, तेव्हा विद्याधर चिडला.

"अक्का, तू चोरून खातेस," तो म्हणाला. "मग औषधानं काय करायचं?"

तो गेल्यावर तिनं संतापानं घोड्याचा जटका बोलावला आणि कोणाला न सांगता थेट सरकारी इस्पितळ गाठलं.

बायकांच्या वॉर्डात शारदम्मा नावाच्या वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला झोपवलं, पाय दाबून पाहिला, बोटं एकेक फाकवली. बेचक्यात कातडी भिजून चिरली होती. रोग इथूनच आत शिरतो, त्या म्हणाल्या. आधी औषध किती दिलं ते विचारून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एवढ्या अंगाला हे स्वल्प झालं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुमच्या अंगाचं माप आमच्या पुस्तकात नाही. पण वाढवून देऊ आणि लक्ष ठेवू. लाली गेली तरी लगेच थांबवायचं नाही. आणि पोटभर जेवा."

पाय उशांवर ठेवून कौशल्या तिथं पडून राहिली. सूज ओसरत गेली, तसा राग वाढत गेला. उपाशी पोटी काढलेला एकेक दिवस तिला आठवत होता.

बरी झाल्यावर ती विद्याधरच्या दवाखान्यात गेली. कंपाउंडरनं तिला आधी आत सोडायला पाहिलं, पण ती सगळ्यांबरोबर बाकावर बसली. नंबर लागल्यावर आत गेली आणि पाय सरळ त्याच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला.

"हात लाव."

बाहेर लोक आहेत, तो पुटपुटला.

"असू देत. लाव म्हणते."

त्यानं हात लावला.

"आज पहिल्यांदा पायाला हात लावलास, विदू. दोनदा टोचलंस, तेही या अंगाला पुरणार नाही एवढंच, आणि वर मला चोर ठरवलंस."

सगळ्यांना तेवढंच देतात, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"मी सगळ्यांएवढी आहे? मग खाणं आवर म्हणून मला ऐकवत काय होतास?"

तो उठून काही बोलणार, तेवढ्यात ती बाहेर पडली. बाकावर एक लठ्ठ बाई दंडावरचं गळू पदराखाली झाकून बसली होती. कौशल्या तिच्यापाशी थांबली.

"डॉक्टरांना उघडून दाखवा," ती म्हणाली. "नीट पाहीपर्यंत उठू नका."

पुढं विद्याधर रोग्यांना झोपवून, दाबून पाहायला लागला, असं कमला कौतुकानं सांगत आली. बरं झालं, म्हणाली कौशल्या, आणि मशीन चालवत राहिली. दोन वर्षांनी पाय पुन्हा लाल झाला, तेव्हा विद्याधर स्वतः बॅग घेऊन दारात आला. तिनं त्याला कॉफी दिली. पाय दाखवायला मात्र ती शारदम्मांकडेच गेली.