पाठीतून निघालेला मणका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्च्या, मागे पट्टे बांधलेल्या कमरा, आणि दाराशी मणकेबाबांच्या पायावर डोकं ठेवायला आलेली रांग.

"डॉक्टर काय करतो? फोटो काढतो!" बाबा माइकमध्ये गरजले. "आम्ही रोगच काढतो! चिरा नाही, टाका नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी मात्र दात आवळून उभी होती. ती गुरांची डॉक्टर. मंचावर पालथी पडलेली बाई तिची सख्खी ताई. ताईच्या मणक्याला क्षय झाला होता. मागच्या वेळी बाबांनी "निम्मी कीड काढली" आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. तेव्हापासून तिचा डावा पाय फरफटत होता. "शेवटचं एकदा चल गं माझ्याबरोबर," असं ताई रडून म्हणाली, म्हणून धाकटी आली होती.

बाबांनी टोपलीतून कापसाचा मोठा बोळा उचलला, पाण्यात बुडवून ताईच्या कमरेवर दाबला आणि डोळे फिरवून आरोळी ठोकली. कापूस लालभडक झाला. खण्णकन् ताटात हाड पडलं.

"हा घ्या सडका मणका! आता नवा उगवेल!"

लोक उभे राहिले. एक म्हातारा हुंदके देऊ लागला. धाकटी तरातरा मंचावर चढली आणि तिने ते हाड उचललं. दोन्ही बाजूंनी वाटीसारखं खोलगट, गोलगरगरीत, बोराएवढं.

"हा माशाचा मणका आहे," ती म्हणाली.

"गुरांची डॉक्टर माणसांना शिकवणार?" बाबा हसले. लोकही हसले.

"हो, शिकवणार! पाठीला कणा गाईला असतो, कुत्र्याला असतो, बेडकाला, पक्ष्याला, माणसालाही. पण प्रत्येकाचा घाट वेगळा. माशाचा मणका दोन्हीकडून खोलगट असतो. माणसाचा सपाट, याच्या कितीतरी पट मोठा, आणि मागे मज्जारज्जू जायला कमान. तो उपटला तर माणूस मंचावरून उठून चालत जाईल का हो? माझ्या ताईच्या पोटात मासा पोहत होता का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेला टोपली उचलायला धावला. धाकटीने ती हिसकावली आणि कोरडा बोळा सर्वांसमोर फाडला. आत तसाच मणका होता, भोवती लाल रंगाची पूड. तिने दुसरा फाडला. त्यातही तेच.

"पाणी लागलं की रंग सुटतो. एवढीच यांची सिद्धी."

मग चाकाच्या खुर्चीतली एक पोरगी किंचाळली, "माझं ऑपरेशन थांबवलंत तुम्ही!" आणि बाबा मागच्या दाराकडे पळू लागले. दार लोकांनीच अडवलं. पोलिस येईपर्यंत लोक तिथून हलले नाहीत.

ताई मंचाच्या कडेला बसून होती. "पण मला खरंच बरं वाटलं होतं गं."

"वाटलं असेल, ताई. कुणी धीर दिला की दुखणं घटकाभर विसरतं. पण रोग विसरत नाही. तो आत हाड पोखरत राहतो."

ताईच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, शस्त्रक्रियाही झाली. आता ती काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जाते. वेळेवर औषध चालू राहिलं असतं तर काठी लागली नसती, असं सर्जननं स्पष्ट सांगितलं. ते ऐकताना धाकटीने खिडकीचा गज इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. राग बाबावर होताच. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्या, शिकल्यासवरल्या, शाळेत हाडांची चित्रं काढलेल्या माणसांवरही होता.

तुमच्या अंगातून काढलेलं म्हणून कुणी काही दाखवलं, तर ते हातात घ्या. उलटं-पालटं करून बघा. हे कुठून आलं, हे विचारा. विचारू देत नसतील, तर तिथून उठा आणि तडक दवाखाना गाठा.