थोरल्याचा हात

"दादा, घरूनच आलात ना? म्हणजे, ड्युटीवरून थेट नाही ना?"

हॉलच्या दारातच धाकट्या जावेनं ह्यांना गाठलं. तोंडभर हसू, आणि नाक मात्र वास घेत असल्यासारखं पुढे. शाळेत नखं तपासताना मुलं दाखवतात तसे ह्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले.

"घरून आलोय. हिनं दोनदा साबण लावायला लावलाय."

"अहो, तसं नाही, मी आपलं सहज विचारलं," म्हणत ती मागून येणाऱ्या पाहुण्यांकडे वळली. त्यांच्याशी तिनं हात मिळवला. मी ह्यांच्या कोटाची बाही ओढून सरळ केली. खरं तर ती सरळच होती. घरी बसून लोकांचे कपडे उसवणं-शिवणं हाच माझा धंदा, त्यामुळे ह्यांच्या अंगावर वाकडं काही असेल ते माझ्या शिलाईमुळे नसतं. पण अशा वेळी हातांना काहीतरी काम लागतं.

आमचे हे हॉस्पिटलच्या शवागारात कामाला आहेत. एवढं सांगितलं की समोरचा माणूस हवापाण्यावर बोलायला लागतो. हे आणि माझे दीर एकाच खोलीत वाढले. धाकटे फरशीच्या धंद्यात पडले आणि वर गेले; थोरले हॉस्पिटलच्या तळघरात लागले आणि तिथेच राहिले. भांडण कधी झालं नाही. नुसतं अंतर पडत गेलं, आणि ते अंतर जावेनं रोज झाडून-पुसून लख्ख ठेवलं. पाहुण्यांना ती सांगते, दादा हॉस्पिटलच्या ऑफिसात असतात.

पुतणी जन्मली तेव्हा बाळ सगळ्यांच्या मांडीवरून फिरलं. ह्यांची पाळी आली तेव्हा हे म्हणाले, "थांबा, हात धुऊन येतो." धुऊन आले, तर बाळ झोपलेलं. पुढे कितीतरी वेळा ते असंच अगदी वेळेवर झोपायचं. शेवटी पाय फुटल्यावर पोर स्वतःच तुरुतुरु आली आणि ह्यांच्या मांडीवर चढून बसली. जावेला काही करता येईना. आम्हाला मूलबाळ नाही. ती चढली ती चढलीच.

आज तिचं लग्न होतं. आमच्या घराची एकच रीत आहे, आणि ती सासऱ्यांनीच पाडलेली. थोरल्या माणसानं नव्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मनात येतील ते दोन शब्द बोलायचे. आमच्या वेळी सासरे म्हणाले होते, "खुशाल भांडा, पण उपाशी झोपू नका." आता घरात थोरले हेच. महिनाभर हे आरशासमोर काहीतरी पुटपुटत होते. विचारलं की म्हणायचे, "दाढी करतोय."

आम्हाला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ, फोटोग्राफरच्या पेट्यांना खेटून. दार ढकलून वाढपी बाहेर आला की माझ्या खुर्चीला धक्का बसायचा. पुढच्या टेबलांवर कापडी रुमाल होते, मधल्यांवर कागदी, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर रुमाल संपले होते. आमच्या टेबलावर ह्यांच्या आत्याबाई होत्या. खूप म्हाताऱ्या, कानांनी ठार बहिऱ्या. त्या डोळे मोठे करून सगळा हॉल बघत होत्या आणि मजेत होत्या. अशा समारंभात बहिरेपणाचा केवढा फायदा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

कारण भाषणं सुरू झाली होती. मुलाकडचे कोणी काका, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, संसार ह्या विषयावर इतका वेळ बोलले की तेवढ्यात एखाद्याचा मोडला असता. मग पडद्यावर बालपणीचे फोटो. मग कोणा मैत्रिणीची कविता. टाळ्या वाजवून वाजवून हात दुखायला लागले. हे दर थोड्या वेळानं उठून बाहेर जात होते, परत येत होते, पाणी पीत होते, पुन्हा उठत होते.

"अहो, बसा की जरा. मुंग्या आल्यात का खुर्चीला?"

"कधी बोलावतील गं?"

"बोलावतील. त्यांचं सगळं कौतुक संपलं की आपली आठवण येईल. बघा ना, माणसं कशी पारखून बसवलीत. तुमच्याकडे बरं, खाली सगळे सारखे."

"कोण म्हणालं?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोठा माणूस यायचा असला की वरून आधी फोन येतो. चादर बदला, दिवा नीट लावा. बाकीचे व्हरांड्यात थांबतात. मेल्यावर सगळे सारखे, अशी जिवंत माणसांनी आपली समजूत घालून घेतलीय."

ह्यांचा देवावर विश्वास नाही. माझा आहे, आणि तो मी ह्यांच्या वाटचाही ठेवते. मी प्रार्थनेत ह्यांचं नाव घेते म्हटलं तर हे म्हणतात, "घे, पण देवाला सांग, आमच्याकडची लिफ्ट बंद असते. जिन्यानं ये म्हणावं." आणि हाच माणूस, खाली जे कोणी येतं त्याचे डोळे उघडे असतील तर कपाळावरून तळवा हलकेच खाली आणून मिटवतो आणि म्हणतो, "आता निवांत राहा. मी आहे इथं." प्रत्येकाला. फोन आलेल्याला आणि न आलेल्यालाही. ही प्रार्थना नाही तर काय, असं मी म्हणते. हे म्हणतात, "सवय आहे."

भाषणं संपत आली तशी जाऊ आमच्या टेबलापाशी आली. वाकून माझ्या कानाशी लागली.

"वहिनी, आशीर्वादाचं माझ्या भावाला सांगितलंय हं. त्याला बँकेत असल्यामुळे माईकवर बोलायची सवय आहे. दादांना उगाच कशाला त्रास?"

"त्रास? अगं, ते महिनाभर त्याचीच तयारी करतायत."

"मुलाकडचे फार पाळणारे आहेत हो. उद्या कुणी विचारलं, दादा नक्की काय करतात, तर मी काय सांगू? पोरीच्या सुखाचा प्रश्न आहे." तिचे डोळे खरंच भरून आले होते. वाईट बाई असती तर मला भांडता तरी आलं असतं.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. "बरंच झालं," म्हणाले. "मला कुठे बोलता येतं?" आणि कोटाची बटणं सोडत बाहेर निघून गेले. मला असा संताप आला की समोरचं सूप तसंच राहिलं. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, ह्यांना बोलाव. लगेच ह्यांचं आरशासमोरचं पुटपुटणं आठवलं, तर म्हटलं, नको बोलावूस. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. काय कळलं होतं त्यांना कोण जाणे.

व्यासपीठावर बँकवाले मामा घसा खाकरून माईकपाशी उभे राहिले. तेवढ्यात पुतणी उठली. "थांब मामा. मोठे काका कुठेत?"

"बाहेर असतील बाळ. आपण सुरू करू, लोक खोळंबलेत."

"मग खोळंबू देत," असं म्हणून ती सरळ खाली बसली. अख्ख्या हॉलला ते माईकवर ऐकू गेलं.

मी धावतच बाहेर गेले. हे गाड्यांमध्ये एकटेच येरझाऱ्या घालत होते.

"चला. बोलावलंय."

"कुणी?"

"तिनं."

ह्यांनी बटणं लावायला घेतली, ती जमेनात. मीच लावली. हॉलच्या मधल्या वाटेनं हे चालत गेले तेव्हा सगळ्या माना वळत गेल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून हे पुतणीपुढे उभे राहिले. तिनं वर तोंड केलं. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आरशासमोर घोटलेलं एक अक्षर आठवेना. कोणीतरी खोकलं. बँकवाल्या मामांनी माईक ह्यांच्या तोंडाशी आणखी जवळ धरला. आणि मग ह्यांचा हात, कितीतरी वर्षं जे करत आला तेच करायला निघाला. केसांवरून कपाळावर आला, कपाळावरून हलकेच खाली उतरला. पोरीचे डोळे तळव्याखाली मिटले.

"आता निवांत राहा बाळ," हे म्हणाले. "मी आहे इथं."

मी मागे आमच्या टेबलाची कड घट्ट धरली. दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. सासऱ्यांचे डोळे ह्यांनी असेच मिटवले होते, तेव्हा दीर पलंगाला धरून शेजारी उभे होते. ह्यांच्याही लक्षात आलं. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तो कोटाच्या खिशात घातला. पुतणीनं डोळे लगेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती.

"अगं बाई, काय सुरेख पद्धत आहे तुमच्याकडची!" विहीणबाई पुढे झाल्या. "आमच्या मुलालाही द्या ना असाच आशीर्वाद. आणि मलाही हवा हं."

नवरामुलगा मान वाकवून उभा राहिला. त्याच्यामागे त्याची आई, तिच्यामागे ते संसारावर बोललेले काकासुद्धा. हे तसेच, खिशातला हात बाहेर येईना.

"लाजताय कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "कुठे असता तुम्ही?"

"हॉस्पिटलमध्ये," जाऊ घाईघाईनं म्हणाली. "ऑफिसात."

ह्यांनी जावेकडे बघितलं. रागानं नाही. मग विहीणबाईंना म्हणाले, "शवागारात असतो. गेलेल्या माणसांचं बघतो. हे मी त्यांना करतो. आत्ता चुकून झालं. माफ करा."

माईक अजून तिथेच होता. मागच्या टेबलापर्यंत शब्द न् शब्द पोचला. नवऱ्यामुलानं मान वर केली, आईकडे बघितलं, पुन्हा बायकोकडे बघितलं. "अस्सं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला आणि कोणीतरी हाक मारल्यासारख्या बाजूला वळल्या, पण हाक कोणी मारली नव्हती. भाषणवाल्या काकांना पाणी प्यायचं होतं. पुतणी म्हणाली, "मोठे काका, थांबा ना," पण बँकवाले मामा एव्हाना माईकवर सांगत होते की सर्वांनी जेवणासाठी उजवीकडच्या दालनात यावं. गर्दी उठली. हे पायऱ्या उतरायला लागले. दीर एक पायरी ह्यांच्यामागे उतरले, आणि जावेनं हाक मारताच तिकडे गेले.

हे टेबलापाशी आले तेव्हा टेबल रिकामं झालं होतं. आत्याबाई आणि मी, एवढ्याच.

"चल, निघू," हे म्हणाले. "पोरीच्या लग्नात अपशकुन केला मी."

"गप्प बसा," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. "तिनं मागून घेतलाय तो हात."

आत्याबाईंनी ह्यांच्या कोटाचं टोक धरून ओढलं. बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं बोलल्या. "इकडे ये रे. मला ऐकू येत नाही, पण दिसतं. काय केलंस ते बघितलं मी."

"चुकलं आत्या," हे ओठ हलवून म्हणाले.

"कसलं चुकलं? बापाचं केलंस तेव्हाही बघितलं होतं. माझंही तूच करणार आहेस. दुसरं कोण आहे मला?" त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "पण तेव्हा मला काय कळणार, कसं वाटतं ते? आत्ता करून दाखव."

"आत्या, काहीतरीच काय?"

"ठेव म्हणते ना!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. जेवणाच्या दालनातून ताटल्यांचा आवाज येत होता, वाढपी दार ढकलून येत-जात होते. आत्याबाईंनी सुरकुतलेला चेहरा वर केला. ह्यांनी खिशातून हात काढला, त्यांच्या कपाळावर ठेवला, आणि सावकाश खाली आणला. ओठ हलले, आवाज नव्हता, त्यांना लागतही नव्हता.

आत्याबाई डोळे मिटून बसल्या. बराच वेळ.

"गरम आहे की रे," त्या म्हणाल्या. "राहू दे जरा."