टर्बोची गळती

इंजिन बांधून आणल्यापासून आमची गाडी कुंभार्ली घाटाला लागली की घाट लांबतो. सोमवारी दोन वळणं जास्त होती, बुधवारी अकरा. शुक्रवारी नव्या वळणांवर पांढरे पट्टेही मारलेले होते. खातं कोणतंही असो, कामात हयगय नाही.

घाटावर हेळवाकला माझी बायको सुशीला तिच्या भावाकडे जाऊन राहिली आहे. ऑपरेशननंतर तिच्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मी गॅरेजात उभा होतो. इंजिन उघडलं की मालकानं समोर उभं राहायचं, नाहीतर आतलं सामान बदलतात, अशी आमच्या चिपळुणात रीत आहे. मी आठ दिवस उभा राहिलो. पट्टी शेजारणीच्या साक्षीनं सुटली. मग निरोप आला, "शनिवारी पाचच्या आत या आणि समोर उभं राहून 'चुकलं' म्हणा. फोनवर नको. नाहीतर भावाची नाशिकला बदली झालीय, मी त्याच्याबरोबर चालले, ती कायमची."

आज शनिवार. दुपारी दीडला गॅरेजातल्या दिलावर फिटरला शेजारी बसवून निघालो. तिसऱ्या वळणाला गाडीचा दम गेला. एक म्हैस आम्हाला मागं टाकून गेली. हॉर्न दिला नाही, एवढा तिचा मोठेपणा.

दिलावरनं बॉनेट उघडलं. "टर्बो हवा दाबतोय, काका. पण इंजिनापर्यंत पोचत नाही. मधेच कुठंतरी सुटतेय."

त्यानं डब्यात साबणाचा फेस केला आणि ब्रशनं एकेका पाइपाला, एकेका जोडाला लावला. हवा सुटते तिथं बुडबुडा येतो. कुठंच आला नाही. फेस उरला होता. वाया कशाला घालवा, म्हणून त्यानं तो माझ्या मानेला लावला. उजव्या कानाखाली लिंबाएवढा बुडबुडा आला.

"सापडलं," दिलावर म्हणाला. "मी इंजिन बांधत होतो तेव्हा तुम्ही वाकून बघत होतात ना? बसलात तुम्ही हवेच्या लायनीत."

"मग काढ की मला!"

"इंजिन पुन्हा उघडावं लागेल. आठ दिवस."

"अरे, पाचच्या आत पोचायचंय."

"पाचच्या आत क्लिप बसेल."

पाइपाला लावतात तसली पत्र्याची क्लिप त्यानं माझ्या गळ्याभोवती घातली आणि स्क्रू आवळला. श्वासाचा त्रास झाला नाही. श्वास आता गाडीकडे होता. गाडी सुसाट निघाली. जादा वळणं सुटून दरीत पडत होती, पत्र्यासारखी वाजत.

पावणेपाचला हेळवाक. गाडी अंगणात चालूच ठेवली. सुशीला पिशव्या घेऊन दारात उभी होती.

"बोला," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मागं गाडी जोरात गुरगुरली. शब्द तिकडं गेला.

"एवढा घाट चढून आलात, ते गप्प उभं राहायला?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. दिलावरनं स्क्रू अर्धा आटा सैल केला. "चु" एवढंच निघालं आणि अंगण लांबलं. सुशीला दारासकट चाळीस पावलं मागं गेली. त्यानं घाईघाईनं आवळलं. ती जवळ आली.

"पुटपुटू नका. मला नीट ऐकायचंय."

आत तिचा भाऊ खिडक्या लावून घेत होता.

"काका, सैल करू की आवळू?" दिलावरनं विचारलं.

मी त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि क्लिप पूर्ण उघडली. शब्द आला, अगदी स्वच्छ, माझ्याच आवाजात. अंगणाच्या पार टोकाला सुशीला तिळाएवढी दिसत होती. कानामागं हात धरून ती माझ्याकडे बघत होती.