तिसरा रकाना

रणांगण बघायला लोक हौसेने येतात. हे बापलेक आले होते ते रंगाचे डबे, घडीची शिडी आणि सुतळी घेऊन. सव्वाशे वर्षांपूर्वी या माळावर एका दिवसात शेकडो माणसं कापली गेली होती. आता तिथे गवत होतं, एक गंजकी तोफ होती आणि छपराखाली एक लांबच लांब भिंत. भिंतीवर पडलेल्यांची नावं होती. छत्तीस वर्षांपूर्वी ती बापाने रंगवली होती. आता अक्षरं विटली होती, आणि गिरवायचं काम मुलाला मिळालं होतं. मुलगाही पेंटरच.

"तुम्ही कशाला येताय? बसून बसून कंटाळाल," असं मुलगा सकाळपासून चारदा म्हणाला होता. म्हातारा हटून बसला. हात कापायला लागल्यापासून त्याचा ब्रश सुटला होता. या भिंतीवर त्याच्या हातून एक नाव राहून गेलं होतं, ते आता लिहिलं गेलं तर मुलाच्याच हातून. आज सांगितलं नाही तर पुन्हा सांगणं व्हायचं नाही. माळ चढताना गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, तरी तो वर आला.

मुलगा दोन रकाने गिरवून तिसऱ्याशी आला आणि थांबला. डोळे बारीक करून चार पावलं मागे सरकला.

"बाबा, हा रकाना खाली सैल झालाय. बाकी कसं दाट, आणि इथे ओळींमधून वारा खेळतोय. कुणाच्या हातचं हे?"

येणाऱ्या-जाणाऱ्या हजारोंना जे दिसलं नाही ते पोराने बरोबर हेरलं. म्हाताऱ्याला अभिमान वाटला.

"माझ्याच. एक नाव गळालं. निम्म्यावर आल्यावर कळलं, खाली एका ओळीची जागा उरतेय. मग उरलेल्या ओळी सैल केल्या आणि जागा भरून काढली."

"आणि गळालं ते शोधलं का नाही?"

"तुझ्या आईला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता."

म्हाताऱ्याने खिशातून जुनी, घड्यांवर फाटलेली यादी काढली. "चार दिवसांनी ताडून पाहिलं. तोवर उद्घाटन उरकलं होतं, पाहुण्यांनी पाठ थोपटली होती. सांगायची छाती झाली नाही रे."

"नाव काय त्याचं?"

म्हाताऱ्याने यादीवर बोट ठेवलं. मुलाने वाचलं आणि बापाकडे बघतच राहिला. ते त्याचं स्वतःचं नाव होतं.

"शाळेत पोरं चिडवायची मला, म्हाताऱ्याचं नाव म्हणून," तो म्हणाला. "आणि तुम्ही तुमची चूक माझ्या गळ्यात बांधलीत?"

"बांधली. भिंतीवर नाही, तर निदान घरात तरी ते नाव राहावं, असं वाटलं."

मुलगा चिडला होता आणि दमलाही होता. दोन्ही एकदम निभावेना. तो पायरीवर बसून घटाघटा पाणी प्यायला. मग उठला, नाव गळालं होतं तिथपासून खालचा सगळा रकाना पांढरा केला आणि वाळल्यावर सुतळीने नव्या ओळी मारल्या. दुपार कलेपर्यंत गळालेल्या नावासकट सगळी नावं त्याने पुन्हा लिहून काढली.

शेवटी ताडून घ्यायचं राहिलं. त्यांच्या कामात एकाने यादीतून नाव पुकारायचं आणि दुसऱ्याने भिंतीवर बोट ठेवून 'आहे' म्हणायचं, अशी रीत. म्हातारा पुकारू लागला. मुलगा पाठमोरा उभा राहून "आहे", "आहे" करत होता. दोघांचेही आवाज थकले होते.

त्या नावाशी म्हातारा अडखळला. छत्तीस वर्षं त्याने हे नाव घेतलं होतं ते पोराला उठवायला, जेवायला बोलवायला, झापायला. ज्याचं होतं त्याच्यासाठी एकदाही नाही. आज ते जरा मानाने घ्यावं असं त्याच्या मनात होतं. पण तोंडून निघालं ते रोजच्यासारखंच.

"ओ," मुलगा सवयीने बोलून गेला. त्याचं बोट भिंतीवर त्या नावावरच होतं.

म्हाताऱ्याला पुढचं नाव वाचता येईना.