आक्काचं ताट

तिसरा अनारसाही तुपात हसला. खसखशीची बाजू वर ठेवून विमलानं तो अलगद सोडला होता, झाऱ्यानं वरून तूपही उडवलं होतं. पण जाळी पडायच्या आतच कडा सुटल्या आणि बघताबघता कढईत नुसता तांबूस चुरा फिरू लागला. तो निथळून तिनं बाजूच्या वाटीत टाकला. तीन दिवस तांदूळ भिजवले, पंचावर वाळवले, कुटले, वस्त्रगाळ करून गुळात मुरवले, आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी हे असं. मुकुंदा मांडीवरून उतरून चुलीकडे रांगू पाहत होता. एका हातानं त्याचं झबलं धरून ती दुसऱ्या हातानं चौथा अनारसा थापत होती.

मागच्या दारात कुणीतरी उभं राहिलं. चौकापलीकडच्या बिऱ्हाडातली आक्का. हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट.

"त्यो अनारसा पोराकडं बघून हसतोय, वैनी," ती म्हणाली. "हिकडं द्या धाकल्या मास्तरला. मग बघा कसा गप बसतो कढईत."

विमलाचा नवरा यशवंत हायस्कुलात शिकवायचा, म्हणून तो मास्तर आणि नऊ महिन्यांचा मुकुंदा धाकला मास्तर. आक्कानं ताट उंबऱ्याच्या आत सरकवलं, मुकुंदाला काखेत मारलं आणि त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत ती चौक ओलांडून गेलीसुद्धा. तिची मुलं मोठी होऊन तालमीच्या वाटेला लागली होती. रोज सकाळी मुकुंदा तिच्याकडे असायचा. तेवढाच वेळ विमलाला दोन्ही हात मोकळे मिळायचे.

चौथा अनारसा टिकला. पाचवाही. तूप जरा निवू द्यावं म्हणून तिनं कढई उतरवली आणि ताट पुढं ओढलं.

सणासुदीला आक्काचं ताट आलं की ते उंबऱ्यावर सासूबाई घेत. विमला उठेपर्यंत त्या पोचलेल्या असत. पदार्थ डब्यात काढून, ताट धुऊन, त्यात घरचं काही घालून त्या स्वतःच ते परत देऊन येत. आक्काच्या शेवेत लसूण असतो आणि सासूबाई सोवळ्याच्या, म्हणून असेल, असं विमला समजून होती. आज त्या पहाटेच अंबाबाईला गेल्या होत्या.

तिनं कानवले काढले, चकल्या काढल्या, लालभडक शेव वेगळ्या डब्यात घातली. रिकामं ताट उचललं तेव्हा ते अपेक्षेपेक्षा जड लागलं. जुन्या घडणीचं, जाड पितळेचं. काठ पुसताना बोटाला खरखर लागली. कुणीतरी खिळ्यानं एकेक ठिपका ठोकून नाव घातलं होतं. तिनं ताट उजेडाकडे कलतं केलं.

सौ. भागीरथी नृसिंह ग्रामोपाध्ये.

तिनं सासूबाईंचं ते नाव पुन्हा वाचलं. मग ताट उलटं केलं. बुडाला एका बाजूला करंगळीएवढा पोचा होता. लग्न होऊन ती सासरी आली त्या वर्षी पोळ्यांच्या पंगतीत हेच ताट तिच्याच हातून निसटलं होतं. "ताटाला लागलं, तुला नाही ना?" असं सासूबाईंनी विचारलं होतं.

ते घर गावाकडचं. पावणेदोन वर्षांपूर्वी, गांधीजींचा खून झाला त्या आठवड्यात, गावातली ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. शेजारच्या धोंडुबाईनं त्यांना आपल्या वैरणीच्या खोपटात लपवलं आणि पहाटे गाडीत घालून कोल्हापूरच्या रस्त्याला लावलं. घर जळताना त्यांना दिसलं नाही, फक्त वास आला. आत काय होतं ते जळलं, असंच सगळे धरून चालले होते. मामंजी त्याच उन्हाळ्यात गेले. मंगळवार पेठेतल्या या दोन खोल्यांत गावाचं नाव कुणी काढत नसे.

मग ताट जळलं नव्हतं. आधी कुणीतरी ते उचलून नेलं होतं.

विमलानं हात न धुताच चौक ओलांडला.

आक्का पाय पसरून बसली होती आणि तिच्या नडग्यांवर मुकुंदा पालथा. त्याच्या एका पायाला तेल लागलं होतं, दुसऱ्याला लागायचं होतं.

"जमलं का अनारसं?"

जमले, असं विमला म्हणाली. दारातच उभी राहिली. नंतर म्हणाली, "ताट छान आहे. नवं घेतलंत?"

"न्हाय वो. पिराजीनं घातलं गेल्या भाऊबीजेला. माझा धाकला भाव." आक्काचा तेलाचा हात मुकुंदाच्या पाठीवर थांबला. "बाजारातनं आणलं म्हनला. जड बगितलंसा किती? काठाला ठिपक्यांची नक्षी बी हाय. सा वरसांनी आला त्यो माझ्या दारात, आन् मोकळ्या हातानं न्हाय आला." ती पुन्हा तेल चोळू लागली. "परवा ह्याच ताटानं ववाळायचं हाय त्याला. तवर द्या म्हंजे झालं."

विमला वाकली. मुकुंदाला उचलताना त्याचा तेलकट पाय तिच्या हातातून निसटला. त्याची दुधाची वेळ झाली, असं तिनं सांगितलं. वेळ झाली नव्हती, हे आक्काला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

"एक पाय ऱ्हायला की," आक्का म्हणाली.

घरी येऊन तिनं ताट पिठाच्या डब्यामागं उभं केलं. सासूबाई आल्या तेव्हा ती पाठमोरी बसून अनारसे थापत होती. कढईत पुन्हा एक हसला. सासूबाईंनी लुगडं बदललं, गोळ्याची चिमूट घेऊन दोन बोटांत दाबून पाहिली आणि मूठभर तांदळाचं पीठ भुरभुरून गोळा मळून दिला. आक्काकडून काही आलं का, असं त्यांनी मळतामळता विचारलं. आलं, डब्यात काढलंय, असं विमला म्हणाली. ताटाचं त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री पूजेनंतर, पणत्या लावताना, ती यशवंतला सांगणार होती. तो मुकुंदाला कडेवर घेऊन उजेड दाखवत होता आणि स्वतःशीच काही गुणगुणत होता. गाव सुटल्यापासून त्याला गुणगुणताना तिनं ऐकलं नव्हतं. तिनं पुढची पणती लावली.

पाडव्याला सकाळी आक्कानं चौकातूनच हाक मारली. मुकुंदाला सर्दी झालीय, आज नको, असं विमलानं आतूनच सांगितलं. हातातलं काम पुढं सरकत नव्हतं. मुकुंदा मागच्या दाराकडे रांगत जाई, उंबऱ्याला धरून उभा राही आणि पलीकडे बघून ओरडे. ती त्याला उचलून आणी, तो पुन्हा जाई. दुपारी तिनं दार लोटून घेतलं. त्या घरातले हात त्याला रोज न्हाऊ घालतात, असं तिच्या मनात यायचं. त्या हातांनी काय केलंय, असंही. काहीच केलं नसेल. कदाचित पिराजीनंही केलं नसेल, खरंच बाजारातून आणलं असेल. मग बाजारात कुणी आणलं? ती उठून डब्यामागं बघून यायची. ताट तिथंच असायचं.

तिसऱ्या प्रहरी दार ढकलून आक्का आत आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली ओव्याची पुरचुंडी होती, तव्यावर शेकून आणलेली, गरम.

"छातीला लावा. आन् टाळूवर." मुकुंदानं तिच्याकडे दोन्ही हात केले. त्याचं नाक कोरडं होतं. आक्का त्याच्याकडे बघत राहिली, नंतर विमलाकडे. पुरचुंडी तिनं पाटावर ठेवली. "माझं काय चुकलं आसंल तर तोंडावर बोला, वैनी. आमच्यात तसंच आस्तंय."

"तसं काही नाही, आक्का."

"बरं," आक्का म्हणाली आणि हळू आवाजात, तिच्या नेहमीच्या नव्हे अशा आवाजात, "ताट तेवढं उद्या द्या," असं सांगून गेली.

भाऊबीजेला विमला अंघोळ करून आली तर स्वयंपाकघरात सासूबाई खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात ते ताट होतं. चिंचेच्या कोळानं त्या ते घासत होत्या. आतली बाजू झाली होती. आता काठ घासत होत्या, ठिपक्या-ठिपक्यांतून, अंगठ्यानं.

विमला ओल्या केसांनी तशीच उभी राहिली.

"आई, तुम्हाला..."

"संक्रांतीपासून," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ताटावर पाणी ओतलं. पितळ पिवळंधमक निघालं. नावातली अक्षरं आता लांबूनही वाचता येत होती, त्यातलं 'सौ.' जास्तच. कोरड्या पंचानं त्या ते पुसू लागल्या.

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"कुणाला बोलू? तुझ्या बाळंतपणात अकरा रात्री जागली ती. मला दिसत नाही नीट, म्हणून तुझं पथ्यपाणी तिनं बघितलं. ते ताट तेव्हाही तिच्या फळीवर होतंच." पंचा काठावरून फिरत राहिला. "तिला वाचता येत नाही. तिच्या भावाला येतं की नाही, ते मला ठाऊक नाही."

मग त्यांनी अनारशांचा डबा मागितला. न मोडलेले, जाळी पडलेले तेवढे निवडून ताटात एकावर एक रचले, मध्ये चिरोटे ठेवले. चुऱ्याची वाटी बाजूला सारली. हातात घेऊन त्यांनी ताट एकदा तोलून बघितलं. त्यांचा उजवा अंगठा आपोआप पोचा असलेल्या जागी गेला होता. एवढंच. त्यांनी ताट विमलाकडे दिलं.

"मी न्यायची ना नेहमी," त्या म्हणाल्या. "आज तिच्याकडे पाहुणा आहे. तू जा. नावाची बाजू आपल्या अंगाकडे धर."

आक्काच्या सोप्यात पाटावर पिराजी बसला होता. विमलानं मनात काही वेगळाच माणूस धरला होता. हा बारीक होता, पटक्याखाली कानाजवळ केस पिकलेले, आणि पाटावर अवघडून, गुडघे जवळ घेऊन बसलेला. आक्का निरांजनात वात घालत होती.

"आलं का ताट? म्हटलं आता थाळीनंच ववाळावं लागतंय." तिनं हात पुसले. "पिराजी, ह्या मास्तरांच्या वैनी. आन् बघ, तू घातल्यालं ताट सगळ्या पेठेत हिंडून येतंय."

पिराजीनं ताटाकडे बघितलं. मग विमलाकडे. तिनं ते अंगाशी धरलं होतं, बोटं काठाच्या आतून घट्ट वळलेली. त्यानं पटका उगाच नीट केला.

"मास्तर इथलंच का?" त्यानं विचारलं. आवाज बहिणीसारखा मोठा नव्हता. "न्हाई, मूळ गाव कंचं म्हनायचं, वैनी?"

आक्का निरांजनाशी होती. चौकातून कुणाच्या तरी फटाकड्याचा आवाज आला आणि विरला.

"हेच," विमला म्हणाली. "कोल्हापूरच."

पिराजीनं मान हलवली. बराच वेळ हलवली.

"मग बरं," तो म्हणाला.

आक्कानं तिच्या हातून ताट घेतलं. अनारसे परातीत काढताना एक उचलून उजेडाला धरला, जाळी बघितली आणि "ह्यो न्हाय हसला," असं म्हणाली. मग त्याच ताटात कुंकू, अक्षता, सुपारी ठेवली, निरांजन ठेवलं, आणि भावासमोर उभी राहिली. ताट हाती आलं तसं तिनं धरलं होतं. ते पहिल्यांदा फिरलं तेव्हा ज्योतीच्या उजेडात काठावरचे ठिपके पिराजीच्या बाजूला चमकले. दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते. ओवाळून घेताना काही माणसं डोळे मिटतात.

विमला निघाली. दारापाशी आक्काचा आवाज मागून आला.

"सर्दी गेली न्हवं धाकल्या मास्तरची?"

पलीकडे, तिच्या घराच्या उंबऱ्याला धरून मुकुंदा उभा होता आणि इकडे बघून ओरडत होता. सासूबाईंनी त्याला टोपडं घातलं होतं.

"गेली," विमला म्हणाली. "आणते."

चौक ओलांडताना तिला हाताची बोटं बधिर झालेली जाणवली. काठ दाबून धरल्यानं पेरांवर बारीक ठिपके उमटले होते. तिनं ते पदराला चोळले, मुकुंदाला उचललं आणि परत आली. आक्का दारात येऊन उभी होती. तिच्यामागं पाटावर पिराजी अजून तसाच बसलेला.

आक्कानं दोन्ही हात पुढं केले. मुकुंदानं झेप टाकली, तेव्हा विमलाच्या मुठीत त्याचं झबलं अजून धरलेलंच होतं.